सकाळच्या नेटवरची हजेरी

आमच्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. सोल्डरिंग माझं, बोलणं ह्यांचं. हे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. हॅम रेडिओचं खूळ ह्यांनी घरात आणलं, सरकारी परीक्षा दोघांनी एकदमच दिली, लायसन्सही दोघांना मिळालं. पण माइक एकदा ह्यांच्या हातात गेला की तो परत मिळायचा नाही. मी आपली टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून जोड मारायची, कॉइल गुंडाळायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला बोलायला आमचं अख्खं कोल्हार गाव होतं.

हॅम रेडिओ म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना सांगावं लागलंय, तेव्हा इथेही सांगते. घरच्या सेटवरून, घरावर ताणलेल्या तारेतून, दूरच्या माणसाशी थेट बोलायचं. मधे कंपनी नाही, टॉवर नाही. लोक म्हणतात, मोबाईल असताना हा उपद्व्याप कशाला? मी म्हणते, प्रवरेवर पूल झाला म्हणून कोल्हारची पोरं पोहायची थांबली का? ह्यावर कुणी उत्तर देत नाही. माझा आवाज चढलेला असतो हेही कारण असेल.

तर रोज सकाळी आपल्याकडचे मराठी बोलणारे हॅम रेडिओवर एका ठरलेल्या जागी, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, जमतात. त्याला नेट म्हणतात. इंटरनेट नव्हे, हे त्याच्याही आधीचं. अकोले तालुक्याच्या डोंगरात राजूरला एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना राजूरचे काका म्हणतात. त्यांची तार उंचावर, आवाज सगळीकडे खणखणीत, म्हणून नेट तेच चालवतात. ते शाळेसारखी हजेरी घेतात. ज्याला जे खुणेचं नाव सरकारनं दिलंय ते पुकारायचं, त्यानं "हजर" म्हणायचं आणि मग पाऊसपाणी, लाईट, गुडघेदुखी जे असेल ते सांगायचं. शेवटी काका विचारतात, "आणखी कोणी?" कुणी नवं असेल तर त्यानं तेव्हा तोंड उघडायचं.

त्या नेटवर ह्यांचा आवाज म्हणजे मिरवणुकीतला ताशा. गाव ह्यांना सर म्हणतं, आणि चिडले की मीसुद्धा. रविवारी चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला हे उभे राहिले की पाळकसाहेब माइक बाजूला सरकवायचे. गरजच नसायची. शेवटच्या बाकावर पेंगणारा माणूस जागा व्हायचा.

तो आवाज गेला. घशात गाठ निघाली, नगरला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं आणि बोलणं संपलं. गळ्यावर धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आम्ही आणलं. ह्यांनी ते एकदा लावलं, स्वतःचा आवाज ऐकला, तो टेम्पो मागे घेताना वाजतो तसला होता, आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. मी आग्रह केला नाही. तो आवाज मलाही सोसला नव्हता, खोटं कशाला बोलू.

मग मी एकदा भाजी आणायला गेले असताना ह्यांनी आपला बोलायचा सेट, चांगला आयात केलेला, संगमनेरच्या एका जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकला. त्याच्याकडे लायसन्स आहे, पोरगा गुणी आहे, सगळं कबूल. पण मी घरी असते तर तो सेट उंबरा ओलांडता ना. परत मागणार कशी? दिलेलं मागायचं नसतं. ऐकायचा छोटा रिसीव्हर तेवढा घरात राहिला.

आता मला सगळ्यात जास्त कशानं पोळलं ते सांगते. येणारा प्रत्येक माणूस ह्यांच्यासमोर बसून मला विचारायचा. "सर जेवतात का? सरांना बरं वाटतंय का?" माणूस समोर खुर्चीत बसलाय, कान धड आहेत, डोकं धड आहे, आणि प्रश्न मला. नेटवरच्यांचे फोन यायचे, तेही मलाच विचारायचे. आणि मी उत्तरं द्यायची. जेवतात, झोपतात, आज जरा चिडचिड करतात. मला वाटायचं मी मदत करतेय. एक दिवस पाहुणे गेल्यावर ह्यांनी बोलण्याऐवजी जवळ ठेवलेल्या शाळेच्या पाटीवर लिहिलं, "तू माझं तोंड नाहीस." मी पाटी हिसकावून घेतली, पुसली, आणि मागच्या दारी जाऊन रडले. राग आला म्हणून नाही. ते बरोबर होतं म्हणून.

रोज सकाळी हे रिसीव्हर लावून नेट ऐकायचे. काका एकेक नाव पुकारायचे. ह्यांचं नाव यायचं. काका थांबायचे, जरा जास्तच थांबायचे, आणि मग म्हणायचे, "सर नाहीत. पुढे." हे तिथेच रिसीव्हर बंद करायचे. मी कणीक मळता मळता हे रोज ऐकायची आणि माझे हात कणकेतच थांबायचे. ते "नाहीत" ऐकून नव्हे. एका सकाळी काका हे नाव पुकारणारच नाहीत, ह्या भीतीनं. नेटवर कुणी बरेच दिवस गैरहजर राहिलं की नाव आपोआप मागे पडतं, मग सुटतं. त्यात कुणाचा दोष नसतो. पण ह्यांचं नाव सुटलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य भिंतीकडे बघत काढेल, हे मला भाकरीइतकं स्वच्छ दिसत होतं. मी ठरवलं, नाव सुटायच्या आत हजेरी लागली पाहिजे. आणि ती ह्यांनीच लावली पाहिजे.

माळ्यावर आमचा पहिला सेट पडून होता. घरी केलेला, व्हॉल्व्हचा. नवीन संसारात लोक मिक्सर घेतात, आम्ही हा केला होता. ह्यांनी सर्किटचा नकाशा काढला, मी जोडला. त्याला माइक नाहीच. तो फक्त मोर्स पाठवतो, म्हणजे कळ दाबून छोटे-मोठे ठोके, डि आणि डा, त्यांची अक्षरं. अक्षरं इंग्रजी, पण मराठी शब्द त्यात बसवता येतात, पोरं मोबाईलवर मेसेज लिहितात तसे. परीक्षेला दोघांना मोर्स आली होती. पुढे ह्यांना बोलायचा सेट मिळाला आणि ह्यांनी कळेकडे ढुंकून पाहिलं नाही. "बोलता येत असताना ठोके कोण मारणार," असं म्हणायचे. बरं, मग आता मारा.

मी शिडी लावून सेट खाली काढला तेव्हा हे ओसरीवर बसले होते. पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सेटची अवस्था काय सांगू. कुंभारीण माशीनं कॉइलच्या आत मातीची घरं बांधली होती, एकाला एक लागून, अगदी चाळ. उंदरानं वायरींचं आवरण खाल्लं होतं. लोखंडी सांगाड्यावर गंज. मी माती खरवडली, ब्रशनं झाडलं, गंजाला पॉलिश पेपर लावला. माझा जुना जोड मात्र एकही सुटला नव्हता. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "बघा, जोड कसे असतात." ओसरीवर पेपराचं पान उलटलं.

जुना सेट एकदम लाईटला लावायचा नसतो. आधी मधे एक बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. आमचा बल्ब असा पेटला की खोलीत उजेड झाला. म्हणजे वीज साठवणारे मोठे कंडेन्सर गेले होते. नगरला जाऊन (बोर्डावर नाव बदललंय, आमच्या तोंडात नगरच आहे) जुन्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान शोधलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, एवढ्या व्होल्टचा कंडेन्सर आता कोण मागतं? कशाला पायजे?" म्हटलं, "नवऱ्याला बोलतं करायचंय." त्यानं मागे जाऊन बरीच शोधाशोध केली आणि आणून दिला. 

नवे कंडेन्सर टाकल्यावर बल्ब मंद झाला. सेट जिवंत होता. बंद केल्यावरही ह्या कंडेन्सरमध्ये माणूस मारण्याइतकी वीज साठून राहते, म्हणून स्क्रू ड्रायव्हरची दांडी टेकवून ती काढावी लागते. मी टेकवली. फाट्दिशी आवाज झाला, ठिणगी उडाली, आणि ओसरीवरचा माणूस धडपडत आत आला. पाटीवर लिहिलं, "मरशील."

"मग बसा इथं आणि लक्ष ठेवा," मी म्हटलं. "ओसरीवरून कशाला काळजी करायची?"

बसले. सुरुवातीला नुसते बसले. मग मी कॉइलचे वेढे चुकीच्या जागी ताणतेय असं वाटून ह्यांचा हात पुढे आला. मग पाटीवर सूचना सुरू झाल्या. पेन्सिल कुरकुरायची, मी वाचायची, पुसायची, दुसरी सूचना. उंटावरून शेळ्या हाकायची सवय मास्तरांना असतेच, आवाज गेला म्हणून ती जात नाही. मी वैतागायची आणि आतून खूश व्हायची. काम चाललं होतं.

मग जुनी पितळी कळ निघाली. मी चिंचेनं घासून लखलखीत केली. ह्यांनी तिच्यावर बोटं ठेवली आणि परीक्षेला शिकलेलं सगळं सावकाश परत आलं. दिवसभर घरात डि-डा, डि-डा. कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येईनात.

इथे कुणी म्हणेल, राजूरच्या काकांना सरळ फोन करून सांगायचं होतं, उद्या सर मोर्सवर येणार आहेत, लक्ष ठेवा. नाही. आमच्या ह्या छंदात एक गोष्ट पाळतात. संपर्क हवेतच व्हायला पाहिजे. फोन करून आधी ठरवून घेतलेला संपर्क म्हणजे पेपर फोडून पास झाल्यासारखं. शिवाय फोनवर बोलणार कोण? मीच. म्हणजे परत मीच तोंड. ते मला करायचं नव्हतं.

ती सकाळ आली. तार पाण्याच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणून तपासली होती, सेट नेटच्या जागेवर आणला होता. हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी शेजारी रिसीव्हर धरून. काकांनी नावं पुकारायला सुरुवात केली. ह्यांचं नाव आलं. काका थांबले. ह्यांनी कळ दाबली आणि स्वतःचं नाव पाठवायला घेतलं.

त्याच वेळी खोलीतला दिवा मिणमिणला. सेटचा सूर, जो एका रेषेत राहायला पाहिजे, तो घसरला, परत चढला, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा केकाटला. हे पाठवत राहिले. संपवलं. आणि रिसीव्हरमधून काकांचा आवाज आला, "मधे कुणीतरी सेट ट्यून करतंय. मित्रा, ही जागा चालू आहे, जरा बाजूला जाऊन कर." मग थोडं थांबून, नेहमीसारखं, "सर नाहीत. पुढे."

माणूस हजेरीला उभा राहून हजर म्हणतोय आणि मास्तर म्हणतोय गैरहजर. हे उठले. शर्ट बदलला. ओसरीवर जाऊन बसले.  मला काकांचा इतका राग आला की ते समोर असते तर त्यांच्या वयाचा मान मी ठेवला नसता. पण काकांची चूक नव्हती. कुणीही त्या केकाटण्याला मोर्स म्हटलं नसतं.

दोष लाईटचा होता. आमची वस्ती आणि शेजाऱ्याची विहिरीवरची मोटार एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. मोटार सुरू झाली की आमचे दिवे अंग चोरतात, आणि व्हॉल्व्हचा सेट तर जास्तच. मी तडक बांधावर गेले. शेजारी उसाच्या कडेला उभा होता.

"भाऊ, सकाळची मोटार जरा उशिरा लावता येईल का?"

"बाई, ती मी लावतो व्हय? लाईट आली का आटोवर आपसूक चालू हुती. आन् लाईट कवा सोडायची ते मला इचारून सोडत्यात का?"

"तो आटो बंद ठेवा आणि हातानं लावा की."

"आन् अंधाराचं मोटारीवर कोन जाईल? परवाच बिबट्या दिसला ना पाटाच्या कडंला. सरांसाठी लई वाईट वाटतं मला, खरं सांगतो. पर उसाला पानी न्हाई चुकवता येत."

भांडावंसं वाटत होतं, पण भांडायला जागाच नव्हती. बिबट्या काही खोटा नव्हता. मी परत आले आणि ठरवलं, लाईट नाही सुधारत तर सेट सुधारायचा.

सुराचा उगम सेटच्या पहिल्या टप्प्यात असतो. बाकीचे टप्पे तो सूर नुसता मोठा करतात. पहिला टप्पा लाईटवरून काढून बॅटरीवर टाकला की मोटार चालू होवो नाहीतर डीपी उडो, सूर हलणार नाही. पण बॅटरीवर व्हॉल्व्ह चालवणं परवडणारं काम नाही. तिथे दोन ट्रान्झिस्टर बसवायचे, इन्व्हर्टरच्या बॅटरीतून वायर घ्यायची. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला, "भेसळ." जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ट्रान्झिस्टर घालणं हॅम लोकांना खरंच पाप वाटतं. ह्या लोकांना जुना सेट दुरुस्त करायचा म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती घासायची असते.

"सेट संग्रहालयात ठेवायचाय की त्यावर बोलायचंय?" मी विचारलं.

ह्यांनी पाटी पालथी घातली. म्हणजे दोन्ही नाही.

तर मी एकटीनं केलं. पत्र्याच्या डब्याचा छोटा कप्पा केला, त्यात पहिला टप्पा बसवला, ऊब लागून सूर सरकू नये म्हणून भोवती थर्माकोल दिला. डोळे आता पूर्वीचे नाहीत. चष्म्यावर भिंग धरून जोड मारले. एकदा बोट भाजलं, एकदा ट्रान्झिस्टर उलटा बसला आणि जळला, दुसरा बसवला. हे येता-जाता बघायचे आणि निघून जायचे. शेवटी मी सेट लावला, शेजाऱ्याची मोटार चालू असतानाच कळ दाबून धरली आणि रिसीव्हरवर ऐकलं. सूर सरळ. ओळंब्यासारखा सरळ. मी म्हटलं, "ऐका." ह्यांनी ऐकलं, मान हलवली आणि ओसरीवर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली तर आले नाहीत. माणसाला एकदा हाकलून दिलं की तो दारात परत उभा राहत नाही, आणि हा माणूस तर मुळातच मानी.

मग मी काय केलं? मीच बसले कळेवर. लायसन्स मलाही आहे, विसरले सगळे. माझं नाव हजेरीत नव्हतं, कारण मी नेटवर कधी बोललेच नव्हते. पण काका शेवटी "आणखी कोणी?" विचारतात ना, ते माझ्यासाठीच. त्यांनी विचारलं, मी माझं खुणेचं नाव पाठवलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं.

"ट्यून करणारे, बाजूला व्हा," काका म्हणाले आणि नेट बंद केलं. त्या बोलायच्या नेटवर कित्येक वर्षांत कुणी मोर्स वापरली नव्हती, ठोके कानावर येऊनही काकांच्या ते ध्यानात येईना.

दुसऱ्या सकाळी पुन्हा. त्याच्या दुसऱ्या सकाळी पुन्हा. रोज हाकलून घ्यायचं आणि रोज जायचं. बायकांना ह्याची सवय असते, रेशनच्या रांगेत शिकतो आम्ही. काका चिडायला लागले. एकदा म्हणाले, "ह्या माणसाला काही लाज आहे की नाही?" मी रिसीव्हरला म्हटलं, "नाही." ओसरीवरून सगळं ऐकू येत होतं. ह्यांना मोर्स कानानं कळते, मी काय पाठवतेय ते कळत होतं. मी एकदा एका अक्षरात चुकले तर ओसरीवर खुर्ची कुरकुरली.

मग एका सकाळी मी पाठवून संपवलं आणि काका हाकलणार तेवढ्यात मधेच तिसगावचा एक कांद्याचा व्यापारी बोलला. नेटवरचा सगळ्यात बडबड्या माणूस, मोर्सचं एक अक्षर येत नाही.

"काका, मी एक बोलू का? ही शिट्टी हल्ली तुमी 'आणखी कोणी' म्हनलं का मगच वाजती. मधी कधीच न्हाई. ट्यूनिंग करनाऱ्याला एवढी रीतभात कुठून आली?"

काका म्हणाले, "सगळ्यांनी थांबा. शिट्टीवाले, परत एकदा. हळू. पेन्सिल सापडू द्या मला."

मी परत पाठवलं. ह्या वेळी आणखी सावकाश, एकेक ठोका मोजून. काका मोठ्यानं एकेक अक्षर वाचत गेले, आणि शेवटच्या अक्षराला थांबले. "अहो, ही तर सरांच्या लगेच पुढची, कोल्हारच्या वहिनींची खूण. वहिनी? तुम्ही होता होय इतके दिवस? माफ करा मला." आणि मग लगेच, प्रेमानंच, पण तेच, "वहिनी, सर कसे आहेत?"

मला तो प्रश्न आता पाठ झाला होता. उत्तरही पाठ होतं. बरे आहेत, जेवतात, झोपतात. मी कळेवर हात ठेवला आणि पाठवलं, "त्यांनाच विचारा." काकांनी तेही अक्षर अक्षर मोठ्यानं वाचलं. वाचून होईपर्यंत मी खुर्चीवरून उठले होते.

हे दारात उभे होते. मी बाजूला झाले. बोलावलं नाही, हात धरला नाही. मनात म्हटलं, देवा, आता हा मागे फिरला तर मी ह्या सेटला कुऱ्हाड घालीन.

रिसीव्हरमधून नुसता सूं सूं आवाज.  मग काकांनी ह्यांचं नाव पुकारलं. हजेरीतलं, नेहमीसारखं. आणि थांबले.

ह्यांनी खुर्ची ओढली. कळ जरा डावीकडे सरकवली, माझी जागा ह्यांना कधी पटत नाही. आणि आपलं नाव पाठवलं. शेजाऱ्याची मोटार चालू होती. सूर हलला नाही.

"सर हजर," काका म्हणाले.  

आणि मग जे झालं ते फक्त हॅम लोकांच्याच डोक्यातून येऊ शकतं. एकेकजण ह्यांना मोर्समध्ये उत्तर द्यायला लागला. ज्यांच्याकडे कळ होती त्यांनी धूळ झटकून कळ काढली. ज्यांच्याकडे नव्हती ते माइकमध्ये तोंडानं शिट्ट्या मारायला लागले. एकजण तर नुसतं "डा-डा-डिट, डा-डिट" असं तोंडानं म्हणत होता, आणि तेही चूक. तिसगावचा व्यापारी म्हणाला, "मला येत न्हाई, पर मी बी एक मारतो," आणि त्यानं शेतात कुत्र्याला मारतात तशी लांबलचक शिट्टी मारली. मी मागून ओरडले, "अरे बाबांनो, ह्यांचा गळा गेलाय, कान शाबूत आहेत. तोंडानं बोला की." पण आमच्या सेटला माइक नाही. माझं कोण ऐकणार?

ह्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, आवाज न करता, गदगदून हसत होते. मग कळ ओढली आणि पाठवलं, "कान ठीक आहेत. बोला." काकांनी वाचलं आणि अख्खं नेट हसत सुटलं.

मग सगळे बोलले. ह्यांनी सगळ्यांना उत्तरं दिली. हळूहळू, अक्षर अक्षर, आणि सगळे थांबत होते, कुणाला घाई नव्हती. पोहे केले होते ते गार झाले. मी ताट घेऊन दारात उभी होते आणि रडत होते, लाज कसली त्यात. शेवटी काकांनी विचारलं, "सर, वहिनी जवळ असतील तर त्यांनाही काही सांगायचं असेल ना? त्यांना कळेवर बसवा, आम्ही वाचतो."

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग परत कळेकडे वळून सावकाश पाठवायला लागले. काका माझ्या घरात, माझ्या रिसीव्हरमधून, एकेक अक्षर जोडून वाचत गेले.

"नको. तिला ऐकू दे. मी बोलतोय."